पेपर स्प्रे न्यावा का?

प्रश्न : आईबाबांना घेऊन पॅरिस आणि लंडनला जाणार आहोत. पर्समध्ये पेपर स्प्रे ठेवू का? पाकीटमारांचं काय करायचं?

उत्तर : स्प्रे घरीच ठेवा. ब्रिटनमध्ये १९६८च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टनुसार तो बंदुकीच्याच पंगतीत बसतो. नुसता जवळ बाळगणंही गुन्हा.

पॅरिसमध्ये खरा धोका मारामारीचा नाही, गर्दीचा. मेट्रोत दाराजवळ मोबाइल हातात धरून उभं राहू नका. दार लागण्याचा भोंगा वाजतो, फोन हिसकावून चोर फलाटावर उडी मारतो, दार बंद होतं आणि तुम्ही आत बघत राहता. साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांवर बोटाला रंगीत दोरा बांधायला माणसं येतात. एकदा गाठ बसली की हात अडकतो, मग पैसे मागतात. तोवर दुसऱ्याचा हात खिशात. हात खिशात घालून, न थांबता चालायचं. सहीचा कागद नाकाखाली धरणाऱ्यांनाही तेच.

बॅग पोटावर, चेनची दोन्ही टोकं एका सेफ्टी पिनेत. आईंच्या कुर्त्याला आतून चोरखिसा शिवून घ्या, आपल्याकडचा तो जुना उपाय कुठल्याही महागड्या मनी बेल्टपेक्षा बरा. कुणी पर्स ओढलीच, तर सोडून द्या; पट्टा धरून ठेवणारे फरफटत पडतात.

आणीबाणीत दोन्हीकडे ११२ चालतो. पासपोर्ट गेला तर आधी पोलिसांचा तक्रार-कागद, मग भारतीय दूतावास. तिथलं इमर्जन्सी सर्टिफिकेट मात्र फक्त भारतात परतण्यापुरतं, त्यावर लंडन होणार नाही.