संध्याकाळी घरी, भत्ता शून्य

मुलुंडच्या ४६ वर्षांच्या वाचकाच्या जांघेत हर्निया आहे. स्थानिक भूल देऊन लहान छेदातून जाळी बसवायची आणि संध्याकाळी घरी सोडायचे, असे डॉक्टरांनी ठरवले असून खर्चाचा अंदाज ९०,००० रुपये आहे. ते विचारतात : ‘मुदत ठेव मोडू, की बिनव्याजी हप्ते घेऊ? मेडिक्लेमचे रोजचे २,००० रुपये मिळतीलच.’

ठेव मोडा. मुदतपूर्व मोडल्याने एक टक्का व्याज गेले तरी वर्षाला ९०० रुपयांचा प्रश्न आहे. बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांचे प्रक्रिया शुल्क बहुधा त्याहून जास्त निघेल.

मला चिंता वाटली ती शेवटच्या वाक्याची. आपण जोडलेली प्रत मेडिक्लेमची नाहीच. ती २० वर्षांची एन्डोमेंट पॉलिसी, म्हणजे बचत आणि आयुर्विमा एकत्र असलेली योजना असून तिला रुग्णालय भत्त्याचा रायडर, म्हणजे जोड-विमा, चिकटवलेला आहे आणि त्याच्या अटींत ‘सलग २४ तास दाखल’ असे स्वच्छ छापले आहे. संध्याकाळी घरी येणाऱ्या रुग्णाला त्यातून एक रुपयाही मिळणार नाही. खऱ्या आरोग्य विम्यात अशा डे-केअर शस्त्रक्रियांना ही अट लागत नाही. पण तो विमा आपल्या चौघांच्या कुटुंबाकडे, तोही मुंबईत राहून, अजिबात नाही.

या पॉलिसीत वर्षाला ४८,००० भरून विसाव्या वर्षी १४ लाख मिळणार, म्हणजे परतावा जेमतेम साडेतीन टक्के. याला गुंतवणूक म्हणणाऱ्या एजंटाच्या धाडसाचे कौतुकच करायला हवे. सहा हप्ते भरून झालेच आहेत, तेव्हा पुढचे थांबवून पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे ती कमी रकमेवर तशीच चालू राहू द्या, आणि त्याच पैशांतून १० लाखांचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाचा मिळून एकच आरोग्य विमा घ्या. हप्ता ४८,००० च्या आत बसायला हरकत नाही.

‘आधी विमा घ्या, हर्निया लपवा, मग शस्त्रक्रिया करा’ हा एजंटाचा सल्ला मात्र मुळीच ऐकू नका. हर्नियाला बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांची प्रतीक्षा असते, आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत, आणि माहिती दडवल्याचे पहिल्या पाच वर्षांत उघडकीला आले तर कंपनी दावा नाकारू शकते. तेवढा काळ आतडे अडकण्याची जोखीम घेऊन पैसे वाचवायचे नसतात. तसे झालेच तर तातडीच्या शस्त्रक्रियेचे बिल ९०,००० वर थांबणार नाही. शस्त्रक्रिया झाल्यावरही नव्या विम्याच्या प्रस्तावपत्रात तिची नोंद करावीच लागेल, म्हणून ‘पूर्वीचे आजार’ हा रकाना स्वतःच्या हाताने भरा आणि सही करण्यापूर्वी त्या पानाचा फोटो काढून ठेवा.