१३० सेंटिमीटर कोणत्या वर्गात?

प्रश्न : वर्गातील ४० विद्यार्थ्यांच्या उंचींची वर्गीकृत वारंवारता सारणी (कोणत्या गटात किती जण, हे दाखवणारा तक्ता) करताना मी १२५–१३०, १३०–१३५ असे वर्ग घेतले, परंतु नेमकी १३० सेंटिमीटर उंची दोन्हींकडे बसते. शिवाय वर्ग किती असावेत, हेही ठरत नाही. सर्वांत कमी उंची १२७ आणि सर्वांत जास्त १५८ आहे.

उत्तर : असमावेशक पद्धतीत वरची मर्यादा त्या वर्गात धरत नाहीत, म्हणून १३० ची खूण १३०–१३५ समोरच करावी. ती दोन्हींकडे केली, तर बेरीज ४० च्या पुढे जाते आणि चूक शोधण्यात संध्याकाळ जाते. समावेशक पद्धतीने १२५–१२९, १३०–१३४ असे वर्ग केल्यास हा पेच सुटतो खरा, पण एखाद्याची उंची १२९.५ निघाली की तिला जागाच उरत नाही. त्यामुळे उंची, वजन यांसारख्या अखंड मापांसाठी तुम्ही निवडलेले वर्गच मला योग्य वाटतात.

वर्गांच्या संख्येसाठी संख्याशास्त्रज्ञ स्टर्जेस यांचे १९२६ मधील सूत्र आहे : १ + ३.३२२ × लॉग ४० (४० चा १० पायाचा लॉगरिदम), म्हणजे सुमारे ६.३. तुमचा विस्तार, म्हणजे सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी उंचीतील फरक, ३१ असल्याने ५ च्या वर्गांतराने १२५ ते १६० पर्यंत सात वर्ग होतात, ते पुरेसे आहेत. सूत्राचे उत्तर तंतोतंत पाळण्यापेक्षा ५ किंवा १० असे सुटसुटीत वर्गांतर घेणे मला श्रेयस्कर वाटते.

ताळ्याच्या खुणा मात्र यादीच्या क्रमानेच, प्रत्येक उंचीवर काट मारत कराव्यात.