ना हुमणी, ना इंगळी

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका ताईंनी विचारलं आहे: संध्याकाळी परसातल्या अळूच्या वाफ्याला पाणी सोडलं, तेव्हा चिखलातून बोटाच्या दीड पेराएवढा तपकिरी किडा वर आला. अंग मखमली, डोकं चिलखत घातल्यासारखं, आणि पुढचे पाय पाहून अंगावर काटाच आला. सासूबाई म्हणाल्या, "इंगळी आहे, लांब हो." शेजारचे काका म्हणाले, "हुमणी आहे, रॉकेल ओता." फोनवर शोधलं तर 'मोल क्रिकेट' असं नाव मिळालं. मराठीत याला नेमकं काय म्हणायचं?

ताई, तुमचं वर्णन मोल क्रिकेटशी तंतोतंत जुळतं. हा रातकिड्याच्या कुळातला, पण जमिनीत राहणारा. पुढच्या पायांची टोकं रुंद, चपटी आणि दातेरी असतात. त्यांनी तो माती पुढून फोडून दोन्ही बाजूंना सारतो. हातात धरला तर बोटांच्या फटीतून ज्या जोरानं वाट काढतो, तो जोर एवढ्याशा जिवाचा वाटत नाही. ओल्या, भुसभुशीत मातीत याचं घर असतं, म्हणून अळूचा वाफा त्याला मानवला. बिळात पाणी शिरलं आणि तो वर आला, एवढीच गोष्ट.

आता काकांची हुमणी. सांगली-साताऱ्यात जमिनीतून काहीही वळवळतं निघालं की आधी हा शब्द तोंडात येतो, आणि ते साहजिक आहे. हुमणीनं वाळलेला ऊस ज्यानं मुठीत धरून उपटला आहे आणि तो मुळाविना अलगद हातात आलेला पाहिला आहे, त्याला दुसरं काही आठवणारच नाही. इथले शेतकरी माळावरची हुमणी आणि नदीकाठची हुमणी असा भेदही करतात. पण हुमणी हे भुंगेऱ्याच्या अळीचं नाव आहे. पांढरट, गुबगुबीत, तपकिरी डोक्याची, अंग मुडपून पडलेली. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जे भुंगेरे जमतात आणि फांद्या हलवून जे गोळा करतात, ते हुमणीचंच मोठं झालेलं रूप. मराठीनं एकाच जिवाच्या दोन अवस्थांना दोन नावं दिली, लिंगसुद्धा वेगळं दिलं: ती हुमणी, तो भुंगेरा. "हुमणी उडाली" असं कोणी म्हणत नाही.

तुमच्या किड्याला अळीची अवस्थाच नसते. अंड्यातून निघतं ते पिल्लू आईबापांसारखंच दिसतं, फक्त लहान आणि पंखाविना. कात टाकत टाकत मोठं होतं. हा फरक आपले शेतकरी बोलण्यात बिनचूक पाळतात, याचं मला नेहमी कौतुक वाटतं. बोंडअळी म्हणतात, पण तुडतुड्याची मात्र पिल्लं म्हणतात. तेव्हा परसात याच किड्याचं छोटं रूप दिसलं तर 'पिल्लू' म्हणा. 'अळी' हा शब्द तिथे चुकेल.

सासूबाईंची इंगळी. इंगळी म्हणजे मोठा विंचू. इंगळ म्हणजे निखारा, आणि "काळजाला इंगळ्या डसल्या" म्हणताना ती आग आपण अजूनही शब्दात जपून ठेवली आहे. त्यांना तसं का वाटलं असावं, तेही कळतं. या किड्याच्या पाठीमागे दोन केसाळ, लांबट शेपट्या असतात आणि पुढचे पाय चिमट्यासारखे फाकलेले. अंधूक उजेडात विंचूकाट्याची भीती वाटणारच. पण त्या शेपट्या स्पर्श ओळखण्यासाठी आहेत. नांगी नाही, विष नाही. इथे क्रियापदंही सांभाळावीत: विंचू नांगी मारतो (बोलताना आपण "विंचू चावला" म्हणतो, ते रूढच आहे), इंगळी डसते, मुंगळा चावतो. हा नांगी मारत नाही आणि डसतही नाही. फार दाबून धरला तर जबड्यानं चिमटा घेईल, त्याला चावणं म्हणता येईल.

मग नाव? 'मोल क्रिकेट'चं शब्दाला शब्द भाषांतर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचं शास्त्रीय नाव ग्रायलोटाल्पा, तेही लॅटिनमधल्या त्याच दोन शब्दांचं: रातकिडा आणि मोल. मोल हा बिळातच आयुष्य काढणारा, रुंद पंजांचा प्राणी. तो महाराष्ट्रात नाही. काही जण तिथे चिचुंद्री घालतात, पण आपली चिचुंद्री भिंतीच्या कडेनं, मोरीतून चिर्रचिर्र करत पळणारी. ती मोलची लांबची नातेवाईक असली, तरी 'चिचुंद्री रातकिडा' ऐकून कोणाच्याही डोळ्यांपुढे उकरणारे पाय उभे राहणार नाहीत.

मी 'जमिनीतला रातकिडा' म्हणेन. 'भुईतला रातकिडा'ही चालेल, 'भुईमूग' म्हणणाऱ्यांना तो परका वाटणार नाही. त्यातला 'रातकिडा' सोडू नये, कारण हा खरोखर रात्री गातो. नर बिळाचं तोंड आत निमुळतं आणि बाहेर पसरट कोरतो, आत बसून पंखावर पंख घासतो, आणि त्या आकारामुळे आवाज कितीतरी मोठा होऊन बाहेर पडतो. नेहमीच्या रातकिड्याची किरकिर तुटक, उंच असते. याची घर्रर्र खालच्या पट्टीत, न थांबता चालते. अळूच्या वाफ्याशी दिवेलागणीनंतर थांबून ऐका, फरक कळेल. मादी जमिनीखालच्या कोठडीत अंडी घालते आणि काही जातींत त्यांची राखणही करते.

रॉकेल ओतू नका. त्यानं किडा मरेल, पण अळूची माती आणि गांडुळंही जातील. एखादा दिसला तर खुरप्यानं उचलून कुंपणापलीकडे सोडा. तो मुळं खातो तसे मातीतले किडे आणि अळ्याही खातो. मिरची-वांग्याची नुकती लावलेली कोवळी रोपं रात्रीतून आडवी पडू लागली आणि वाफ्यावर मातीचे उंचवटे ओळीनं दिसू लागले, तर मात्र बंदोबस्त करायला हवा. पाऊस पडून गेल्यावर हा उडत दिव्यावरही येतो, तेव्हा ओसरीत दिसला तर घाबरू नका.

तुमच्या पत्रात शेवटी 'कीड' की 'किडा' असंही विचारलं आहे. एकटा दिसला तो किडा. पिकावर पडून नुकसान करू लागली ती कीड, मग ती एकाच जातीच्या हजार किड्यांची असो. अळूत सापडला तो अजून किडाच आहे.