व्हॅनमध्ये मुक्कामाची सोय करतोय. दुसरी बॅटरी म्हणून घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर चालेल का? (बेळगाव)

चालेल, पण मी बसवणार नाही. ट्युब्युलर ही लेड-ॲसिड बॅटरी; चार्ज होताना ती पेट घेणारा हायड्रोजन सोडते, आणि तुम्ही तिच्याशेजारीच काचा लावून झोपणार! वर खानापूरकडच्या खड्ड्यांत ॲसिड हिंदकळणार ते वेगळंच.

१२.८ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. महाग आहे, पण तिच्यातल्या सुमारे १२८० वॉट-अवरपैकी ८०-९० टक्के बिनधास्त वापरता येतात. लेड-ॲसिड रोज निम्म्याखाली उतरवली की लवकर बसते. १२ व्होल्टचा छोटा फ्रिज, पंखा, दिवे, मोबाईल एवढ्यावर एक दिवस आरामात निघतो.

खरी मेख जोडणीत आहे. अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून गाडीची बॅटरी चार्ज करतो तो) थेट वायर ओढू नका. लिथियम मिळेल तेवढा करंट खेचते आणि अल्टरनेटर तापून जातो. मध्ये करंटला लगाम घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवाच, २०-३० ॲम्पिअरचा पुरे. त्या वायरला दोन्ही बॅटऱ्यांच्या (गाडीची आणि ही नवी) पॉझिटिव्हजवळ एकेक फ्यूज टाका. कोणी मेकॅनिक ‘एकच बस्स’ म्हणाला तरी ऐकू नका. बॅटरी पट्ट्याने तळाला घट्ट आवळा.

सोलर उन्हाळ्यात छान. जुलैत चोर्ला घाटात मात्र त्याच्या भरवशावर राहू नका, तिथे इंजिनच चार्ज करणार. आणि इंडक्शनवर चहाचा हट्ट असेल तर बॅटरी दुप्पट धरा.