आरएक्स 100 ला पल्सरचा चिमटा, चाक मात्र जुनंच: वॉशर टाकून भागेल का?

नाही भागणार. महिना-दोन महिने भागल्यासारखं वाटेल, एवढंच.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: यामाहा आरएक्सचा मूळ चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा स्विंगआर्म, गंजून पिव्हॉटपाशी (तो फ्रेमला जोडतात तिथे) चिरला, म्हणून पल्सर 150 चा चिमटा बसवून घेतलात. चाक आरएक्सचंच, स्पोकवालं 18 इंची. आता चाक डावीकडे ओढलेलं दिसतं, चेन कचकच करते आणि मेकॅनिक म्हणतो, दोन-तीन वॉशर टाकून मधोमध आणून देतो.

हाच उद्योग मी काही वर्षांपूर्वी केलाय, वॉशरसकट. ॲक्सलचा (चाकाच्या आसाचा) नट आवळला की दाब एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत सलग जातो: चिमटा, बुश (चिमटा आणि चाकामधली जागा भरणारी जाड कडी), बेअरिंगची आतली रिंग, हबमधली (चाकाच्या मधल्या भागातली) नळी, दुसरं बेअरिंग, ब्रेक प्लेट (ब्रेक शू बसवलेली तबकडी), पुन्हा बुश, चिमटा. ही सगळी रांग एकजीव घट्ट हवी. मऊ पत्र्याचे वॉशर मध्ये आले की ते दबतात, नट ढिला पडतो आणि चाक हाताने हलवलं तर टकटक वाजतं. माझे वॉशर काढले तेव्हा बशीसारखे वाकलेले निघाले. लेथवर ईएन 8 या कडक स्टीलच्या गजातून एकसंध बुश काढून घ्या, दोन्ही तोंडं काटकोनात. आणि हबमधली ती नळी खरंच आहे ना, तेही बघा. जुनी बेअरिंगं ठोकून काढताना ती हरवते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मग नट आवळताच बेअरिंगवर आडवा दाब येतो आणि पाच किलोमीटरात हब गरम.

पण बुश किती लांबीचे काढायचे? इथेच बहुतेक जण उलटीकडून सुरुवात करतात. आधी चाक मधोमध आणतात, मग चेन सरळ करायला बघतात. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) इंजिनवर आहे, ते जागचं हलणार नाही. म्हणून चेनची रेष आधी. त्याच्याही आधी चिमटा स्वतः फ्रेममध्ये सरळ बसलाय का ते पाहा. पिव्हॉटची नळी फ्रेमच्या मापात बसवायला एकाच बाजूने घासली असेल, तर अख्खा चिमटा सरकलेला असतो आणि पुढची सगळी मापं वाया. मग मागच्या स्प्रॉकेटच्या सपाट अंगाला लांब स्टीलची पट्टी लावून ती पुढच्या स्प्रॉकेटपर्यंत न्या. पुढचं स्प्रॉकेट शाफ्टवर थोडं खेळतं, त्याचा मध्य धरा. जितका फरक, तितकं हब सरकवायचं. डाव्या बुशाचं माप ठरलं की उजव्याचं आपोआप ठरतं.

आता चेन सरळ आली आणि टायर मात्र अजून एका बाजूला. इथे तुमचं जुनं स्पोकचं चाक तुमच्या कामी येतं. एका बाजूचे स्पोक सैल करून दुसऱ्या बाजूचे आवळले की हब जागेवर ठेवून रिम सरकवता येते. जो चाकाचा आउट (वाकडेपणा) काढतो, तोच हे करून देईल. 4-5 मिलिमीटरपर्यंत जमतं. त्याहून जास्त ओढाल तर एकीकडचे स्पोक आखूड पडतात आणि दुसरीकडचे निपलमधून (स्पोकच्या नटातून) वर येऊन ट्यूबला टोचतात. मध्य तपासायला मागच्या टायरभोवती दोरा घालून दोन्ही बाजूंनी पुढच्या टायरपर्यंत ताणा, हँडल सरळ धरा. मागे 2.75 आणि पुढे 2.50 इंची टायर असेल तर पुढे दोन्हीकडे साधारण 3 मिमी फट दिसायला हवी. स्टँड मध्ये येतो, तेव्हा दोरा धरायला एक माणूस लागतोच.

‘सरळ पल्सरचं अलॉय चाक टाक’ असंही कुणीतरी सांगेल. 17 इंची म्हणून गाडी खाली बसेल, ही भीती नको. पल्सरच्या 100/90-17 टायरचा व्यास साधारण 612 मिमी भरतो, तुमच्या 2.75-18 चा 600 च्या आसपास. म्हणजे झालीच तर किंचित उंच होईल. पण अलॉयची रिम ओढता येत नाही आणि रुंद टायर चेनला घासू शकतो.

सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही विचारलेलंच नाही. ब्रेक प्लेटला धरून ठेवणारी पट्टी कुठे बांधलीय? पल्सरच्या चिमट्यावरचा कान (पट्टी बांधायचा भोकाचा तुकडा) आरएक्सच्या प्लेटसमोर येईलच असं नाही. मी घाईत साधा बोल्ट आणि साधा नट लावला होता, पिन न टाकता. खंबाटकी घाट उतरताना तो गळून पडला. ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरली, रॉड वाकला, चाक जाम. मागे ट्रक नव्हता म्हणून हे उत्तर लिहितोय. तिथे हाय टेन्सिल बोल्ट, कॅसल नट (खाचांचा नट) आणि त्यातून जाणारी पिनच हवी. कान वेल्ड करावा लागला तर ॲक्सल आणि पिव्हॉटचा बोल्ट चिमट्यात घट्ट बसवूनच वेल्डिंग करा, नाहीतर उष्णतेने पाय पिळतात.

शेवटी शॉकअप दोन्ही काढा आणि चिमटा हाताने पूर्ण वर-खाली करा. टायर मडगार्डला, चेन चिमट्याला कुठे लागते ते तेव्हाच कळतं. स्प्रॉकेट, पिव्हॉट आणि ॲक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणलेली असते. ढिलाई तिथे मोजा. चिमटा लांब निघाला तर 428 चेनची एक कडी 12.7 मिमी, म्हणजे ॲक्सल 25 मिमी मागे गेला की 4 कड्या वाढवाव्या लागतात.

कागदांचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये असे बदल बसत नाहीत. आरएक्स 100 चं उत्पादन 1996 ला थांबलं, तेव्हा तुमची गाडी दर 5 वर्षांनी पासिंगला जाणारच. पुण्याजवळ असाल तर नाना पेठेत किंवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात आरएक्सचाच धड चिमटा मिळतो का, ते बुश करायला टाकण्याआधी एकदा फिरून बघा.

नाहीच मिळाला तर व्हर्नियरने चार मापं घेऊन खाली लिहा: चिमट्याच्या दोन पायांमधलं अंतर, ॲक्सलचा व्यास, तो चिमट्यात बसतो त्या खाचेची रुंदी आणि पट्टीने आलेला स्प्रॉकेटचा फरक. बुश किती लांबीचे लागतील ते सांगतो.