लहान मुलांच्या वॉर्डातल्या नर्स पालकांना घरातल्या सुरक्षिततेबद्दल नेमकं काय शिकवतात? माझं बाळ चौदा महिन्यांचं आहे, नुकतंच चालायला लागलंय.

कोकणातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी मी एकोणीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काम करतेय. तुमचं बाळ चालायला लागलंय, म्हणून तुम्हाला पहिलं काम सांगते: आज संध्याकाळी घरातल्या बाटल्या बघा. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी सोडून दुसरं काहीही भरून ठेवलेलं असेल, तर ते आजच बाहेर काढा.

पूर्वी आमच्याकडे रॉकेल प्यायलेली मुलं यायची. रेशनचं रॉकेल कमी झालं, पण बाटल्या तशाच राहिल्या. आता त्यांत थिनर असतं, फिनेल असतं, संडास धुवायचं अ‍ॅसिड असतं, आणि बागेतल्या ग्रासकटरसाठी आणलेलं पेट्रोल असतं. खेळून तहानलेलं पोर बाटली ओळखतं, आतलं काय आहे ते नाही. आणि मग घरचे घाबरून मिठाचं पाणी पाजतात, घशात बोट घालून उलटी काढतात. खरं नुकसान तिथे होतं. रॉकेल किंवा पेट्रोल उलटीबरोबर वर येताना श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसाला सूज येते. अ‍ॅसिड खाली जाताना अन्ननलिका जाळतं आणि वर येताना तीच पुन्हा जाळतं. म्हणून उलटी काढायची नाही, तूप-दूध पाजत बसायचं नाही. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा, आणि ती बाटली सोबत आणा.

उंदराच्या औषधाबद्दल वेगळं सांगते, कारण ते फसवतं. काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. ती तोंडात गेल्यावर मूल एक-दोन दिवस छान खेळतं, जेवतं, आणि मग यकृत निकामी व्हायला लागतं. 'आता तर बरा आहे, उद्या बघू' हे वाक्य या बाबतीत कधीच म्हणू नका.

पहिली काही वर्षं मी पालकांवर फार रागवायची. 'लक्ष कुठे होतं तुमचं?' हा माझा ठरलेला प्रश्न होता. एकदा दोन वर्षांचा एक मुलगा धाप लागलेल्या अवस्थेत आला. वडील म्हणाले, 'सकाळपासून सर्दी आहे, बाकी काही नाही.' रात्री उशिरा त्याची आजी मला पॅसेजमध्ये गाठून हळूच म्हणाली, 'सिस्टर, त्याने दुपारी थिनर प्यायलंय. तुम्ही ओरडाल म्हणून त्याचा बाप बोलला नाही.' मधले कितीतरी तास आम्ही सर्दी समजून उपचार करत होतो. मूल वाचलं, पण त्या दिवसापासून तो प्रश्न मी तोंडातून काढलेला नाही. आता मी एवढंच विचारते: काय, किती आणि किती वाजता? तुमच्यावर ती वेळ आलीच, तर समोरचं माणूस रागावलं तरी खरं तेच सांगा. वेळ लपवली, तर डॉक्टरांचे हात बांधले जातात.

दुसरी गोष्ट तापाच्या औषधाची. यात सुशिक्षित घरंही चुकतात. पॅरासिटामॉल थेंबांच्या छोट्या बाटलीतही मिळतं आणि सिरपच्या मोठ्या बाटलीतही. साधारणपणे थेंबांच्या बाटलीत १ मिलीत १०० मिग्रॅ औषध असतं. साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५ मिग्रॅ असतं आणि जास्त ताकदीच्या सिरपमध्ये ५ मिलीत २५० मिग्रॅ. दहा किलोच्या मुलाला एका वेळी साधारण १५० मिग्रॅ लागतं. म्हणजे थेंबांचं दीड मिली, १२५ च्या सिरपचं सहा मिली आणि २५० वाल्याचं तीन मिली. आता सिरपचं 'सहा मिली' लक्षात ठेवून कुणी थेंबांच्या बाटलीतून सहा मिली दिलं, तर मुलाच्या पोटात एका वेळी ६०० मिग्रॅ जातं. 'एक चमचा द्या' या सांगण्यात हे सगळं बुडून जातं, शिवाय घरोघरचे चमचे वेगळे. म्हणून डोस डॉक्टरांकडून मिलीमध्ये लिहून घ्या, कुठल्या बाटलीचा ते त्याखालीच लिहून घ्या, आणि सुई नसलेल्या सिरिंजने मोजा. बाळाचं वजन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, दर दोन-तीन महिन्यांनी बदला.

डिस्चार्जच्या वेळी मी आईला 'समजलं का?' असं विचारत नाही. त्याचं उत्तर नेहमी 'हो' असतं. मी पाण्याची वाटी आणि सिरिंज हातात देते आणि म्हणते, 'ताई, दीड मिली ओढून दाखवा.' दहा मिनिटं जातात, वॉर्डात इतर कामं खोळंबतात, पण याला पर्याय मला सापडलेला नाही. ओआरएसचंही तसंच. मोठं पाकीट असेल तर पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, एकाच वेळी. थोडी पावडर पेल्यात आणि बाकी डब्यात, असं केलं की पाणी खारट होतं आणि रक्तातलं मीठ वाढून मुलाला झटके येऊ शकतात. बनवलेलं पाणी चोवीस तासांनंतर ओतून द्या.

आंघोळीची बादली तुमच्या बाळाच्या वयाला दोन्हीकडून धोक्याची. आपल्याकडे बंबातलं किंवा गॅसवरचं कढत पाणी आधी ओततात आणि विसण आणायला वळतात. तेवढ्यात बाळ बादलीला धरून उभं राहतं. नेहमी आधी गार पाणी, मग गरम. पाण्यात हीटरचा रॉड लावला असेल, तर दाराला कडी. आणि आंघोळ झाली की बादली उपडी. या वयात डोकं जड असतं, पोर वाकून आत पडलं की त्याला स्वतःला वर काढता येत नाही, आणि आवाजही होत नाही. वीतभर पाणी पुरतं.

भाजलंच, मग ते पाणी असो की पेज की डाळ, तर भाजलेला भाग वीस मिनिटं नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. घड्याळ लावून वीस मिनिटं, कारण दोन मिनिटांतच माणसाचा धीर सुटतो. बाकी अंगाला गारठा लागू देऊ नका. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, काही लावू नका. ते काढताना मुलाला जे सोसावं लागतं ते आम्ही रोज बघतो.

शेंगदाणे, फुटाणे, सीताफळाच्या बिया, चिंचोके पाच वर्षांपर्यंत हातात नको. शेंगदाणा द्यायचाच तर कूट करून. घशात अडकलं आणि मूल जोरात खोकत असेल, तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल, तर मांडीवर पालथं घाला, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच थापा. नाही निघालं तर पाठीमागून धरून बेंबीच्या वर आत-वर असे पाच दाब, आणि पुन्हा थापा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र पोटावर दाब द्यायचा नाही, छातीवर द्यायचा. न दिसणारी वस्तू बोटाने चाचपू नका, ती आणखी आत जाते. ठसका लागून गेल्यानंतर खोकला राहिलाच, तर डॉक्टरांना तो ठसका आठवणीने सांगा. शेंगदाणा एक्सरेत दिसत नाही.

तुम्ही कुठे राहता ते लिहिलं नाहीत. कोकणात असाल तर लाल विंचवाबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी या विंचूदंशावर आयुष्यभर काम केलं. प्राझोसिन नावाचं रक्तदाबाचं औषध वेळेत दिलं की मुलं वाचतात हे त्यांनी दाखवून दिलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण ते औषध वेळेत पोटात जायला मूल वेळेत दवाखान्यात यायला हवं. दंशानंतर खूप घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, यातलं काही दिसलं तर मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका. चपला झटकून घाला, सरपण मुलांना आणायला लावू नका.

शेवटी एक विचारते. तुमच्याकडे बाळाला आंघोळ कोण घालतं, दुपारी ते कुणाजवळ असतं? आमच्याकडे शिकायला आई येते आणि दिवसभर मूल आजीजवळ किंवा थोरल्या बहिणीजवळ असतं. म्हणून मी आता आजीलाही वॉर्डात बोलावून घेते, सिरिंज तिच्याही हातात देते. हे उत्तर त्यांनाही आज वाचून दाखवा.