दिवा लागतो, टुंग वाजतं, पण हार्ड डिस्क दिसत नाही

प्रश्न थोडक्यात असा: "डेस्कटॉपला पोर्टेबल हार्ड डिस्क लावली की तिचा दिवा लागतो, 'टुंग' असा आवाज येतो, पण 'धिस पीसी'मध्ये काहीच येत नाही. मधूनच 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' असं कोपऱ्यात झळकतं. एक मित्र म्हणतो ड्रायव्हर टाक, दुसरा म्हणतो फॉरमॅट मार. आत मुलीच्या बारशापासूनचे फोटो आहेत. सिंहगड रोडला राहतो. सरळ तपकीर गल्लीत, त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, नेऊन देऊ का?"

फॉरमॅट मार म्हणणाऱ्या मित्राला चहा पाजा, पण त्याचं काही ऐकू नका, फॉरमॅट म्हणजे डिस्क कोरी करणं. ड्रायव्हरवाल्याकडे नंतर येतो.

मी पुण्यात नारायण पेठेत कॉम्प्युटर दुरुस्त करतो. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. 'यूएसबी ओळखत नाही' हे वाक्य आठवड्यातून चार-पाचदा तरी कानावर पडतं आणि दर वेळी मी उलट विचारतो, ओळखत नाही म्हणजे नक्की कुठे अडतंय? जुन्या वाड्यात पाहुणा येतो तसं हे सगळं चालतं. दिंडी दरवाजाची कडी वाजते. आतून कोणीतरी 'कोण आहे?' म्हणून विचारतं. बाहेरचा नाव-गाव सांगतो. मग दार उघडतं, ओसरीवर सतरंजी पडते आणि अगदी शेवटी माजघरात पान मांडलं जातं. 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्ह दिसणं म्हणजे पान मांडणं. ते झालं नाही एवढंच तुम्ही सांगताय. पाहुणा कडीपाशी उभा आहे की ओसरीवर बसलाय, ते आधी बघायला हवं.

साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. लाल आणि काळी विजेच्या, 5 व्होल्टच्या. हिरवी आणि पांढरी बोलण्याच्या. डिव्हाइस लावलं की ते बोलण्याच्या एका तारेवरचं व्होल्टेज दीड किलोओहमच्या रेझिस्टरमधून वर खेचतं आणि त्यावरून कॉम्प्युटरला कळतं की दारात कोणीतरी आहे. ही झाली कडी. मग कॉम्प्युटर विचारतो, तू कोण, कोणत्या कंपनीचा, तुला वीज किती लागेल? याचं उत्तर आलंच नाही किंवा तुटक आलं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, पिवळा त्रिकोण आणि 'कोड 43' येतो.

आता तुमचा दिवा. तो लागतो याचा अर्थ लाल आणि काळी तार शाबूत आहे, बस्स. त्यातून डिस्क चांगली आहे असंही सिद्ध होत नाही आणि केबल चांगली आहे असंही नाही. तुमच्याकडे कडी वाजते, पण नाव नीट ऐकू येत नाही. अशा वेळी माझा पहिला संशय विजेवर, दुसरा केबलवर. ड्रायव्हर, म्हणजे उपकरणाशी बोलायला विंडोजला लागणारा छोटा प्रोग्राम, यादीत खूप खाली. विंडोज 98 च्या काळात पेन ड्राइव्हसाठीसुद्धा वेगळा ड्रायव्हर टाकावा लागायचा हे खरं, पण साध्या हार्ड डिस्कचा ड्रायव्हर तेव्हापासून पुढच्या विंडोजमध्ये आयताच येतो. मित्राचा सल्ला चुकीचा नाही, पंचवीस वर्षं जुना आहे.

वीज कुठे कमी पडते ते बघा. पोर्टेबल डिस्कमध्ये मोटर असते. अडीच इंची डिस्क साधारण मिनिटाला 5400 फेरे घेते आणि थांबलेली असताना फिरायला लागतानाच तिला सगळ्यात जास्त करंट लागतो. यूएसबी 2.0 चा पोर्ट नियमाने 500 मिलिअँपिअर देतो, 3.0 चा 900. कॅबिनेटच्या पुढच्या तोंडाला जे पोर्ट असतात ते आतून एका बारीक वायरीने मदरबोर्डला जोडलेले असतात. त्या वायरीत आणि तिच्या कनेक्टरमध्ये व्होल्टेज आणखी पडतं. मोटरने ओढ घेतली की 5 व्होल्ट खाली बसतात, डिस्कमधली चिप अर्ध्या वाक्यात रीसेट होते. पुन्हा कडी, पुन्हा 'कोण आहे', पुन्हा रीसेट. टुंग, टुंग, टुंग. आणि दिवा आपला निवांत लागलेला, कारण त्याला चिमूटभर वीज पुरते. याच पोर्टला माऊस चालतो म्हणून पोर्ट चांगला, असंही समजू नका. माऊस खातो किती!

तर आज घरी गेलात की डिस्क कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावा. आतली पट्टी निळी असेल तर तो बहुतेक 3.0 चा. मध्ये हब नको, एक्स्टेंशन नको. बिनअॅडॉप्टरच्या हबला चार तोंडं असली तरी वीज एकाच पोर्टची असते, ती चौघांत वाटली जाते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त डिस्क नुसत्या मागच्या पोर्टला लावल्या की चालू होतात, आणि मग गिऱ्हाईकाकडून पैसे काय घ्यायचे हा माझा प्रश्न होतो.

नाही चालली, तर केबल. पोर्टेबल डिस्कच्या बाजूचा तो रुंद चपटा प्लग नीट बघा. त्याचे दोन भाग आहेत. मोठा भाग म्हणजे जुन्या फोनचा मायक्रो यूएसबीच, 2.0 चा. शेजारचा छोटा भाग 3.0 च्या जादा पाच पिनांचा. हा प्लग नाजूक असतो, डिस्क केबलने लोंबकळली की आतून ढिला होतो. बोटाने किंचित दाबून धरल्यावर डिस्क चालते का बघा. चालली तर दोष सापडला. दुसरी केबल मिळेपर्यंत एक जुगाड आहे: जुन्या अँड्रॉइड फोनची मायक्रो यूएसबी केबल त्या मोठ्या भागात बरोबर बसते. डिस्क 2.0 च्या वेगाने चालेल, हळू, पण फोटो काढून घेता येतील. केबल आखूड आणि जाड घ्या, लांब बारीक केबलमध्येही व्होल्टेज पडतंच.

मात्र ती केबल डेटाची हवी. इथे माझीच फजिती सांगतो. कोथरूडला एका काकांच्या घरी फोन कॉम्प्युटरला जोडायचा होता. फोन चार्ज होत होता, म्हणून केबल ठीक असं मी धरून चाललो. दोन तास ड्रायव्हर काढले, टाकले, विंडोज अपडेट केलं, काकूंनी दोनदा चहा दिला. शेवटी त्यांचा शाळकरी नातू आला आणि म्हणाला, "आजोबा, ही पॉवर बँकबरोबर आलेली वायर आहे, हिच्यात फक्त चार्जिंग होतं." हिरवी आणि पांढरी तार त्या केबलमध्ये नव्हतीच. मी त्या दिवशी पैसे घेतले नाहीत, आणि तेव्हापासून बॅगेत स्वतःची तपासलेली केबल ठेवतो.

पोर्टमध्येही डोकावा. पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या डिस्कच्या पिनांवर काळपट थर चढतो. सगळं बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवायचा, पूर्ण वाळू द्यायचं. आणि पोर्टमधली प्लास्टिकची जीभ सरळ आहे ना बघा. उलटा प्लग जोर लावून घुसवला की ती मोडते. यूएसबी ज्यांच्या टीमने घडवली ते इंटेलचे अजय भट्ट शिकले बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. दोन्ही बाजूंनी बसणारा प्लग केला असता तर तारा आणि सर्किट दुप्पट लागले असते, खर्च वाढला असता, म्हणून एकाच बाजूचा ठेवला, असं त्यांनीच नंतर सांगितलंय. त्या काटकसरीवर माझ्यासारख्यांची पोटं भरतात.

टिळक रोडवरच्या एका करसल्लागारांकडे महिन्याच्या 20 तारखेला, म्हणजे जीएसटीच्या विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी, डिजिटल सहीचं टोकन (पेन ड्राइव्हसारखं दिसतं ते) चालेना. जाऊन बघतो तर पुढच्या एका पोर्टची जीभ मोडून पिना एकमेकींना टेकल्या होत्या. मदरबोर्डने शॉर्ट ओळखून शेजारच्या पोर्टचीही वीज तोडली होती. 'पॉवर सर्ज ऑन द यूएसबी पोर्ट' असा निरोप दिवसभर येत होता आणि ऑफिसातला मुलगा तो दर वेळी बंद करत होता. टोकन मागे लावलं, पाच मिनिटांत सही झाली. (टोकन 'धिस पीसी'त ड्राइव्हसारखं दिसेलच असं नाही, त्याला खरोखर स्वतःचा ड्रायव्हर लागतो. तिथे तुमचा तो मित्र बरोबर ठरला असता.)

एक सोपी गोष्ट राहिली. विंडोज 10 आणि 11 मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, यूएसबीचा गोंधळ तसाच उद्यापर्यंत टिकतो. म्हणून 'रीस्टार्ट' करा. त्यानेही भागलं नाही तर बंद करून प्लग भिंतीतून काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. काही जण मला शुक्रवारी फोन करून सांगतात, "काल दिवसभर लाइट नव्हती, आज आपोआप चाललं बघा!" आपोआप नाही चाललं, गुरुवारने प्लग काढला.

एवढं केल्यावर कडी आणि नाव दोन्ही ठीक झालं असेल, तरी पान मांडलेलं नसू शकतं. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. तिथे तुमच्या डिस्कचा आकडा दिसतोय, साधारण 931 जीबी म्हणजे 1 टीबीची डिस्क, 'हेल्दी' लिहिलंय, पण D:, E: असं ड्राइव्हचं अक्षर नाही? मग राइट क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', एखादं मोकळं अक्षर द्या, झालं. पण तिथे 'रॉ', 'अनॲलोकेटेड' किंवा 'नॉट इनिशियलाइज्ड' लिहिलं असेल तर तिथेच थांबा. विंडोज स्वतःहून विचारेल, डिस्क वापरायच्या आधी फॉरमॅट करायची का? नाही म्हणा. इनिशियलाइज करायचं का? तेही नाही. फोटो बहुतेक आत आहेत, फक्त कोणता फोटो कुठे ठेवलाय त्याची वही फाटलीय. मॅकवर फॉरमॅट केलेली डिस्कही विंडोजला अशीच अनोळखी वाटते, तेव्हा ती कधी मॅकला लावली होती का, आठवून बघा.

आणि कान लावा. डिस्क हातात धरल्यावर बारीक, सलग गुणगुण जाणवली तर मोटर फिरतेय. टक, टक, टक असा ठरावीक ठोका येत असेल आणि तो मागच्या पोर्टला, चांगल्या केबलनेही येत असेल, तर वायर काढा आणि पुन्हा लावूच नका. लावून बघण्याचा प्रत्येक प्रयत्न फोटोंच्या जिवावर असतो. विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी 'चेक डिस्क' चालवू नका, फ्रीजमध्ये ठेवायचे उपाय करू नका, स्क्रू उघडू नका. ती डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्यायची, आणि तो किती घेईल, डेटा नाही मिळाला तर काय घेईल, हे आधी कागदावर लिहून घ्यायचं.

आता तपकीर गल्ली. डिस्क 'दुरुस्तीला' म्हणून तिथे टाकून येऊ नका, पण केबलसाठी जरूर जा. डिस्क सोबत न्या आणि पैसे द्यायच्या आधी दुकानातल्याच लॅपटॉपला नव्या केबलने लावून दाखवा म्हणावं. तिथे चालली तर तुमची जुनी केबल किंवा घरचा पोर्ट दोषी, तिथेही नाही चालली तर डिस्कमध्ये बघायला हवं. निदान एवढा निकाल जागेवर लागतो. चालली तर बाकी खरेदी राहू द्या, घरी येऊन पहिल्यांदा फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवा. आणि गाडी घेऊन त्या बोळात शिरू नका. स्वारगेटला गाडी लावा, मेट्रोने मंडईला उतरा, तिथून चालत जा.